बोलेल तोच लॅपटॉप

“आधी त्याला बोलू दे, मग पैसे काढ, ताई. आणि कुणी पेनड्राइव्हची नक्कल मागितली तर नाही म्हणू नकोस. मलाही कुणीतरी अशीच दिली आहे.”

धाकट्या भावाचं, अकिनलाबीचं, हे सांगणं मनात घोळवत इबिरोंके लागोसच्या जुन्या संगणकांच्या बाजारात शिरली ती पिशवी पोटाशी घट्ट धरूनच. अकिनलाबी भूगोलाचा शिक्षक. काचबिंदूने त्याची दृष्टी गेली होती. नव्या सत्राआधी स्वतःच्या हाताने प्रश्नपत्रिका टाइप करून दाखवली तरच नोकरी राहणार होती. पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं लिनक्स त्याच्या पेनड्राइव्हवर होतं. ते ज्यावर बोलेल असा लॅपटॉप तेवढा हवा होता. पैसे एकदाच घेता येईल एवढेच, त्यामुळे चुकून चालणार नव्हतं.

या बाजाराबद्दल तिने नको नको ते ऐकलं होतं. दाखवतात एक, पिशवीत घालतात दुसरंच. कुणाच्या पिशवीत म्हणे घरी गेल्यावर फरशीचा तुकडा निघाला होता.

दुकानदार ओबिओराने तिचा प्रार्थनेचा पांढरा झगा पाहून स्टूल पुढे केलं, गार, गोड माल्ट पेयाची बाटली उघडली. तिने हात जोडून नको म्हटलं.

“विष नाही घातलेलं, मावशी.”

“बुधवार आहे. उपास असतो माझा.”

तो हसला, पण त्याला ते पटलं नाही हे तिला दिसलं. तिलाही त्याचं हसू पटलं नव्हतं.

त्याने एक पातळ, चकचकीत लॅपटॉप काढला आणि त्यावर ढणाढणा गाणं लावून दाखवलं. तिने पेनड्राइव्ह खोचला, भावाने पाठ करून घेतलेली बटणं दाबली. पडदा उजळला, पण आवाज काही फुटेना. दुसऱ्या लॅपटॉपचीही तीच गत. आतला दोष झाकून गाणी वाजवतोय हा, असं तिच्या मनात आलं. ओबिओरा म्हणाला, खोट तिच्या पेनड्राइव्हमध्येच आहे, आणि त्याच्या मालाला कसला रोगबिग लागला तर भरून कोण देणार? पेनड्राइव्ह तर त्याने नाकापर्यंत नेऊन उलटसुलट पाहिला. तिने हळू आवाजात समजावलं, हे नुसतं पेनड्राइव्हवरून चालतं, आतल्या डिस्कला हातही लावत नाही. तरी प्लगवरचा हात त्याने काढला नाही.

ढिगाच्या तळाशी एक जाडजूड, कोपरे झिजलेला लॅपटॉप होता. पडदा गेलाय, सुट्या भागांसाठी ठेवलाय, असं तो म्हणाला.

“लावा तर खरं.”

“आंधळा आहे तो, मावशी. काय करणार त्याचं?”

तिने पेनड्राइव्ह त्यात खोचला. पडदा काळाच राहिला. थोड्या वेळाने आतून एक बारीक ‘टूं’ आला. तिने एसचं बटण दाबलं, मग एंटर, आणि कोरड्या पुरुषी आवाजात लॅपटॉप बोलू लागला. ओबिओरा पुढे सरकला. पुन्हा करा म्हणाला. या वेळी डोळे मिटून, बोटांनी चाचपत, एस त्यानेच शोधला.

काळ्या पडद्यावर खूश होणारं गिऱ्हाईक त्याने कधी पाहिलं नसावं. पैसे दिले तर एकेक नोट नाकाशी नेऊन, उजेडाकडे वळून तो बघत राहिला. तिला ते लागलं. उपास धरणारी बाई खोट्या नोटा आणेल का? मग तिनेही भीड ठेवली नाही. तो लॅपटॉप बांधायला आत गेला तशी ती दाराशी जाऊन उभी राहिली, आणि बांधलेलं पुडकं पुन्हा सोडायला लावलं. लॅपटॉप तोच होता.

निघताना त्याने शेजारच्या दुकानाकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला.

“त्या पेनड्राइव्हची नक्कल मिळेल का?”

“कुणासाठी?”

“आहे एक माणूस.”

हा नकला काढून विकणार, असं तिला वाटलं. सुटका व्हावी म्हणून ती म्हणाली, “पुढच्या बुधवारी आणते.”

घरी अकिनलाबीने पहिला प्रश्न टाइप केला, नायजर नदीचा उगम कुठे होतो? अक्षरामागून अक्षर लॅपटॉप बोलत गेला आणि तो लहान मुलासारखा हसला. जेवताना तिने बाजारातलं सगळं सांगितलं. त्या माणसाला कशाला द्यायची नक्कल, पेनड्राइव्ह नि नोटा नाकाशी धरून बघणारा तो संशयी प्राणी, असंही म्हणाली.

अकिनलाबीचा घास हातातच राहिला.

“नाकाशी?”

“हो, अगदी नाकाशी. आणि उजेडाकडे वळून.”

“माझी नजर जायला लागली तेव्हा मीही सगळं असंच धरायचो, ताई. शाळेत कुणाला कळू नये म्हणून बोलायचो मात्र नाही.”

डोळे मिटून एस शोधणारी ती बोटं तिला आठवत होती, आणि शेजारच्या दुकानाकडे टाकलेली ती नजर.

बुधवारी प्रार्थना आटोपून, नक्कल केलेला पेनड्राइव्ह तिने रुमालात बांधला, झग्याच्या खिशात ठेवला आणि उपाशीपोटीच बाजाराची बस धरायला निघाली.