पहाटे तीनची कळ

माकडांवर संशोधन करणाऱ्या सिहामने यंत्राचा रात्रीचा कागद टेबलावर पसरला आणि एका उंच रेघेवर बोट ठेवलं.

"मावशी, ही बघ. पहाटे तीनला पुन्हा."

पिंजरे धुणाऱ्या इत्तोने बादली खाली ठेवली. तिला वाचता येत नसे, पण रेघा कळत. टुडा माकडिणीच्या पोटात बसवलेलं बटणाएवढं यंत्र गर्भाशयाची एकेक कळ कागदावर उतरवी. अंधार पडला की पोट थोडं आवळायचं, मध्यरात्रीनंतर सैल पडायचं. तो रोजचाच परिपाठ. पण रमजान लागल्यापासून पहाटे दुसरी कळ येत होती, आणि ती वाढत चालली होती. बाळंतपणाला अजून महिना होता. गेल्या रमजानात टुडाचं पिल्लू असंच दिवस भरण्याआधी मेलेलं जन्मलं, ते इत्तोनेच देवदाराखाली पुरलं होतं.

"सकाळच्या लघवीत ताणाचं संप्रेरक दुप्पट आलंय," सिहाम म्हणाली. "कोणीतरी तिला घाबरवतंय. ती दचकते, आणि पोट आवळतं. आणखी आठवडाभर हे चाललं, तर हेही पिल्लू हातचं गेलं समज."

"तुझ्या सुईला घाबरत असेल, दुसरं काय!"

"सुई दिवसा असते गं मावशी. पहाटे तीनला इथे कोण येतं?"

इत्तोने खिडकीकडे पाहिलं. रमजानात रात्रपाळी तिची असे, पिंजऱ्यालगतच्या खोलीत ती झोपे. आणि गावाला सहरीसाठी, रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणासाठी, उठवणारा ढोलकरी तिचा नवरा, हम्मू. चाळीस वर्षं तो फेरीचा पहिला ठोका बायको झोपेल त्या खिडकीखाली देत आला होता. गाव मागून उठायचं, आधी इत्तो. या गोष्टीचा तिला केवढा अभिमान! बायकांत ती मिरवायचीसुद्धा.

तिने सिहामला ढोलाचं सांगितलं आणि दुपारी हम्मूला बोलावून घेतलं. ऐकून म्हातारा भडकलाच.

"माकडिणीसाठी आता गावाने उपाशी रोजा धरायचा? चाळीस वर्षांत माझ्या ढोलाने कुणाचं वाकडं झालं नाही!"

"ढोल बंद नको, काका. ओढ्यापलीकडून सुरुवात करा, एवढंच," म्हणत सिहामने कागद त्याच्यासमोर धरला. "पहाटे तीन, हा तुमचा पहिला ठोका. आणि ही तिची कळ."

हम्मूने त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग आवाज उतरवून म्हणाला,

"बाईमाणसातही असंच होतं?"

"होतं की. आपण माकडांचीच भावंडं. रात्रीचा तोच परिपाठ, भीतीचंही तेच," सिहाम पुढचा कागद काढता काढता बोलून गेली.

हम्मूने इत्तोकडे पाहिलं. त्यांना मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा पोट पडलं होतं.

"इत्तो, आपली ती दोन..."

"रमजानात नव्हती," इत्तो झटकन म्हणाली. "एक कापणीत गेलं, एक बर्फात. विसरलास? चल, ऊठ, मला पिंजरा धुवायचाय."

तो उठला. पहिलं पोट पडलं, त्या वर्षी कापणी आणि रमजान एकत्र आले होते. सोळा वर्षांची इत्तो पहाटेच्या पहिल्या ठोक्याला दचकून उठली होती आणि अंथरूण रक्ताने ओलं झालं होतं. ढोलामुळे ते झालं की नाही, देव जाणे. पण हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रात्रीपासून ढोल ओढ्यापलीकडे वाजू लागला. चार दिवसांत पहाटेची रेघ खाली बसली. ईदनंतर टुडाला पिल्लू झालं, काळं, सुरकुतलेलं आणि भलतंच भांडखोर. सिहामने इत्तोला मिठी मारली.

पुढच्या सोमवारी इत्तोने सकाळी चहाला नको म्हटलं.

"आज रोजा? ईद होऊन आठवडा झाला की," हम्मू म्हणाला.

"एक मोडला होता, तो भरून काढतेय."

"कसा मोडला?"

"रोजा असताना खोटं बोलले होते."

काय खोटं, कुणाशी, हे हम्मूने विचारलं नाही. संध्याकाळी रोजा सोडायला हरीरा सूप त्यानेच शिजवलं. वाडगा तिच्या हातात देताना मात्र त्याने मान वर केली नाही.