वीस मिनिटं उकळलेलं पाणी

“पोरी, ह्या बोरचं पानी लेकराच्या बाटलीत घालू नगंस. वरच्या अंगाला जयसिंगचा शेणखड्डा हाय,” बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या आनंदीबाई पाणी ओतता ओतता म्हणाल्या.

श्रद्धा हसली. यवतमाळची बी.एस्सी. ती, असल्या बोलण्याला भीक घालते होय! “आजी, मी चांगलं वीस मिनिटं उकळते.”

अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून तीन महिन्यांच्या साईला पावडरचं दूध चालू होतं. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या त्या नव्याकोऱ्या सोसायटीत नळाला बोअरचंच पाणी यायचं. कसं, अगदी काचेसारखं! तरी ती घड्याळ लावून उकळायची.

आठवड्याभराने साईचे ओठ जांभळट दिसले. ताप नाही, खोकला नाही, पण नखं राखेसारखी. श्रद्धाने त्याला दवाखान्यात नेलं; नवरा दिग्विजय हडपसरच्या ऑफिसातून थेट तिकडेच धावला. सुईत आलेलं रक्त चॉकलेटी होतं.

“पाणी कुठलं देता?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बोअरचं. पण उकळून!”

“अहो, उकळून जंतू मरतात. शेणामुतातून मुरलेलं नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं, ते तेवढंच राहतं. तुम्ही ते दाट करून पाजलंत. मोठ्यांना पचतं. तान्ह्याचं रक्त प्राणवायू धरेनासं होतं.”

श्रद्धाने लगेच नळाचं पाणी तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा रिपोर्ट आला: नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट. ऑक्सिजनवरच्या साईजवळ दिग्विजयला बसवून, कपडे न्यायच्या निमित्ताने ती घरी आली आणि तडक सोसायटीच्या ऑफिसात शिरली.

सेक्रेटरी मच्छिंद्रराव आणि गोठेवाले जयसिंग चहा पीत होते. तिने रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं.

“वहिनी, शेणानं सारवलेल्या घरात आमच्या सात पिढ्या वाढल्या,” मच्छिंद्रराव म्हणाले. “आपण फारच इंटरनेट वाचता.”

“खड्डा आज्ज्यापासनं हाय,” जयसिंग म्हणाले. “तुमची बिल्डिंग मागनं आली.”

“आज्ज्याच्या चार म्हशी होत्या, दादा. तुमच्या साठ आहेत! खड्ड्याला तळ नाही, वर पत्रा नाही. आणि बिल्डरने बोअर मारलं कुठे, तर त्याच्या उतारावर, पंधरा पावलांवर. त्याला कोणी विचारलं?”

जयसिंगांनी कप खाली ठेवला. “तळाला सिमेंट घालायचं तर घालू की,” ते पुटपुटले. मच्छिंद्रराव मात्र रिपोर्ट घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकत होते. “हे बोर्डावर नको. सहा फ्लॅट विकायचेत अजून.”

“सहा फ्लॅट! माझं लेकरू निळं पडलंय, आणि तुम्हाला फ्लॅट सुचतायत?”

तिने रिपोर्ट ओढून घेतला आणि वहीचा कागद फाडून, उभ्या उभ्याच लिहून लिफ्टमध्ये चिकटवला:

‘बोअरचं पाणी तान्ह्या बाळाला देऊ नका, उकळूनही नाही. तळमजल्यावरची तनुजा एकवीस दिवसांचं बाळ घेऊन आज माहेरून येतेय. तिला काहीच माहीत नाही आणि मला दवाखान्यात परत जायचंय. हे वाचणारे तुम्ही कोणीही असा, वर जाण्याआधी तिचं दार वाजवा. बाळाचे ओठ बघा.’