भोंग्याची साखळी

टाचणीचं हिरवं डोकं एका कडेनं उडालेलं होतं, आणि ती टाचणी चिमटीत धरून बर्नाडीन हुदाक भिंतीवरच्या नकाशासमोर केव्हाची उभी होती... टेक्ससात आता जागाच उरली नव्हती. ह्यूस्टनभोवती तर अशी दाटी, की नवी टोचायची तर जुनी सरकवायला हवी. आणि इकडे वर पेनसिल्व्हेनियात, ऑर्विनच्या खोऱ्यात — तिच्या स्वतःच्या खोऱ्यात — एकही टाचणी नाही. नुसती भोकं. खेळाडूंच्या गावांवरच्या टाचण्या, एकेचाळीस वर्षं दर ऑगस्टला तिनंच टोचलेल्या, तिनंच उपटलेल्या. कागदाची पार चाळणी झाली होती.

विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची यादी करायचं काम तिचं. नाव, उंची, वजन, मूळ गाव. पाचच्या आत यादी छापायला जायची होती आणि एकच चौकोन रिकामा राहिला होता. लायल टिलरी, बचावफळी, मूळ गाव... पुढे काही नाही.

एके काळी निम्मा संघ खोऱ्यातून यायचा. पोलादाचा कारखाना बंद पडला तेव्हा त्याचा भोंगा आणून मैदानाच्या कोपऱ्यात बसवला, आणि तेव्हापासूनचा रिवाज — मोसमाच्या पहिल्या सामन्याला खोऱ्यातल्या खेळाडूनं साखळी ओढायची, भोंगा झाला की मगच संघ मैदानात. कारखान्यात तो भोंगा तिचे वडील वाजवायचे. जेवताना त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि त्यांना वाटे, बायको सदा भांडते. पहिल्या वर्षी साखळी ओढायला एवढी झुंबड उडाली, की भलत्याच गावांची पोरं ‘आम्ही खोऱ्यातलेच’ म्हणून पुढे येऊ लागली. तेव्हा तिनंच नियम सुचवला होता : खोऱ्यातल्या हायस्कुलातून जो पास झाला, तोच खोऱ्यातला. सगळ्यांनी मान डोलावली होती. दोन वर्षांपूर्वी खोऱ्यातलं शेवटचं हायस्कूल बंद झालं.

“बर्नी, एवढा विचार मी लग्न करतानाही केला नव्हता,” प्रशिक्षक प्रुइट सकाळी दारातूनच म्हणाला होता. जॉर्जियाचा माणूस, बोलणं गुळासारखं. “पोराची आजी तुमच्या खोऱ्यातली. लिहून टाका ऑर्विन. नाहीतर मी आवाज रेकॉर्ड करून लावतो, बटण दाबलं की झालं.”

“बटण दाबायला मग जॉर्जियाचा माणूसही चालेल,” ती म्हणाली होती.

तो हसला, पण टिलरीला तिच्याकडे पाठवून गेला.

खुर्चीत न मावणारा मुलगा. टोपी काढून मांडीवर ठेवून बसला. “मिस बर्नी, मला खोटं लिहायचं नाही हं. मी शाळा ह्यूस्टनलाच शिकलो. पण आजी सांगते, दुपारचा भोंगा झाला की गल्लीतल्या बायका पळत सुटायच्या, दोरीवरचे कपडे काढायला. खरं आहे का ते?”

भट्टीचं तोंड उघडायचं त्या वेळी, काजळी उडायची... हे कुठल्या पुस्तकात नाही. “कुठल्या गल्लीत राहायची आजी?”

“नाव नाही ठाऊक. चर्चच्या मागे, उतारावर. पणजोबा अलाबामातून आले होते, भट्टीवर. कारखाना बुडाला तशी आजी टेक्ससला गेली. टेक्ससातच जन्मलेला आमचा मामा तिला अजून ‘धुरातली’ म्हणून चिडवतो.”

तो गेल्यावर तिनं मनाशी हिशेब करून पाहिला — आपले आजोबा स्लोव्हाकियातून आले ते एकोणीसशे बारा साली. कारखाना चौऱ्याऐंशीत संपला. म्हणजे सारं मिळून बहात्तर वर्षं! आपण तर असं बोलतो, जणू डोंगर निघाले तेव्हापासून आपण तिथं राहतो. पणजोबा अलाबामाचे, आजोबा स्लोव्हाकियाचे, पोरं टेक्ससची... मग खोऱ्यातले म्हणजे नेमके कोण? ज्यांची बस चुकली ते? तिला हसू आलं. माणसं कामामागे जातात, यात नवल ते काय. नवल याचं, की मी हे भिंतीवर टोचत होते आणि मला ते दिसत नव्हतं.

तिनं पेन उचललं. ऑ... एवढंच मनात आलं आणि हात थांबला, कारण असाच एक चौकोन तिनं पूर्वी भरला होता.

ब्रॉडी. तिच्या लेकाचा, पॉलचा मुलगा, तिचा नातू. खोऱ्यातल्या इस्पितळात जन्मला तेव्हा दाईच्या हातून पहिल्यांदा तिनंच घेतला होता. तो तीन वर्षांचा असताना पॉल त्याला घेऊन ॲरिझोनाला गेला, नोकरीसाठी. चार वर्षांपूर्वी तोच ब्रॉडी या संघात आला, याच खुर्चीत बसला. “आजी, ऑर्विन लिहिशील? पणजोबांचा भोंगा आहे ना तो.” आणि ती म्हणाली होती, नियम तो नियम, नात्यासाठी मोडला तर लोक काय म्हणतील. मेसा, ॲरिझोना. टपोऱ्या अक्षरात. दुसऱ्या कुणीतरी साखळी ओढली. मोसम संपताच ब्रॉडी परत गेला; नाताळला कार्ड येतं, खाली नुसती सही.

टिलरीला ऑर्विन लिहायचं, तर ब्रॉडीला काय सांगायचं? आणि नाही लिहायचं, तर वडिलांचा भोंगा बटणावर... साडेचार झाले होते. प्रुइट पुन्हा दारात आला, घड्याळाकडे बोट करून गेला.

नियमच पाळला ना मी? तिनं स्वतःला विचारलं, आणि गंमत म्हणजे उत्तर ऐकायची तिला खरोखरच उत्सुकता वाटली. नाही. पॉल निघाला त्या दिवशी त्यानं गाडीची काच खाली केली होती आणि मी घरात निघून गेले होते. त्याच्यावरचा राग सोळा वर्षं सांभाळला आणि तो पोराच्या नावापुढे लिहून टाकला. नियम हाताशी होता, एवढंच.

चौकोन अजून रिकामाच होता. पण आता तिला त्याहून वेगळंच काही आठवून बघायचं होतं, आणि आठवत नव्हतं... चार वर्षांपूर्वीचा तो शनिवार, पहिल्या सामन्याचा. भोंगा झाला, लोक उठून उभे राहिले, मी रडले. मी भोंग्याकडे बघत होते. ब्रॉडी तेव्हा कुठे बघत होता?