शेपटीवरच्या रेघा

"हिला बाद करू नका, डॉक्टर," अर्लीन पिकेट म्हणाली. "हिचीच मोजणी खरी आहे."

रुस्लानने मान वर केली नाही. गुंगीतली उंदरी ऊबदार गादीवर पालथी पडली होती, शेपटीच्या बुडाशी लाल प्रकाशाचा ठिपका. रक्तातून कॅन्सरची पेशी त्या ठिपक्याखालून वाहत गेली, की पडद्यावर सुळका उठे. सुई नको, रक्त काढणं नको.

"अर्लीनबाई, तिसऱ्या गटाला औषध दिलंय. नऊ जणी जवळजवळ स्वच्छ. ही एकटीच भरलेली. हिचं काहीतरी बिनसलंय."

"बिनसलंय खरं. पण हिचं नाही."

अमेरिकेतल्या लिटल रॉकच्या त्या प्रयोगशाळेत अर्लीन बावीस वर्षं उंदीर सांभाळत होती. ओळखीचे बिल्ले टोचले की कान फाटतात, म्हणून ती शेपटीच्या बुडाभोवती काळ्या मार्करने रेघा ओढी. पहिल्या गटाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. शाई उडते, म्हणून दर सोमवारी पुन्हा. बावीस वर्षांत एकही उंदीर चुकून दुसऱ्याच्या पिंजऱ्यात गेला नव्हता. नवऱ्याबद्दल तिला असं छातीठोक सांगता आलं नसतं.

पूर्वी रुस्लान प्रकाश कानावर टाकी. मार्चपासून शेपटीवर टाकू लागला, तिथली धमनी जाड म्हणून. रेघांचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही, कालपर्यंत.

"ही पोरगी सारखी शेपटी चाटते. हिच्या रेघा टिकतच नाहीत. बाकीच्यांच्या टिकतात."

रुस्लानचा हात थांबला. शुक्रवारी हेच आकडे मोठ्या साहेबांपुढे मांडायचे होते. ते पटले तर इथली नोकरी आणखी एक वर्ष, नाहीतर बायकोपोरीसकट रशियात, कझानला परत.

"सगळ्यात जास्त रेघा याच गटाला. काळी शाई प्रकाश पिते," तो पुटपुटला.

"ते तुम्ही पुस्तकात शिकलात. मी काळे कपडे उन्हात वाळत घालते."

"तुम्ही बोलला नसतात, तर कळलंही नसतं कुणाला."

"उद्या हे औषध माणसांना देतील, बाबा. रांगेत कुणाची तरी बहीण असतेच."

'स्वच्छ' नवांपैकी एकीला गुंगी दिली. अर्लीनने स्पिरिटच्या बोळ्याने तिची शेपटी पुसली. काळं उतरलं, खालची गुलाबी कातडी दिसली. ठिपका पडला. मिनिटभर पडदा सपाट. आपलंच चुकलेलं असू दे, असं अर्लीनला मनापासून वाटलं. मग एक सुळका. मग दोन. मग दोघांनीही मोजणं सोडून दिलं.

रुस्लानने फोन उचलला. "सर, तिसऱ्या गटात माझी चूक झालीये..."

"नाव सांगा त्यांना," अर्लीन म्हणाली. "पिकेट. रेघा मी ओढल्यात."

त्याने नाव सांगितलं नाही. फोन ठेवला आणि बिनखिडकीच्या भिंतीकडे बघत बसला.

पिंजऱ्यात आठ जणी उरल्या होत्या. अर्लीनने नवा बोळा भिजवला.

"चल गं बाई," म्हणत तिने पुढचीला अलगद उचललं.