‘नंतर’ लिहिलेला डबा

मी एक जुनी सागवानी मांडणी आहे. पाच फळ्या, चार पाय, उंची सात फूट. वयामुळे जरा कुरकुरते, पण उगीच कधी कुरकुरत नाही. तेव्हा मित्रांनो, आज नीट लक्ष देऊन ऐका. माझ्याकडे फार वेळ आहे, असं मला वाटत नाही.

मला घडवणारा सुतार भारी अबोल होता. कापडाच्या दुकानात मला पोचवल्यावर मात्र तो मालकांना म्हणाला, “ही उंच आहे आणि अंगाने सडपातळ. भिंतीला बांधल्याशिवाय हिच्यावर भार टाकू नका.” मग त्याने स्वतःच दोन लोखंडी पट्ट्या आणि चार स्क्रू लावून मला भिंतीला पक्कं केलं. बावीस वर्षं मी कापडाचे तागे पेलले, पण तसूभर हलले नाही. गिऱ्हाइकं माझं कौतुक करायची. पुढे दुकान बंद पडलं आणि मी एका गोदामात धूळ खात पडले. वाळवी लागली नाही, एवढंच नशीब.

तिथून मला टापटीपकाकांनी सोडवलं. काकांचा जन्म नकाशे काढण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या बागेत मोठी शेड बांधली आणि महिनाभर खपून ती लावली. भिंतीला पांढरा रंग दिला आणि त्यावर प्रत्येक अवजाराची काळी आकृती काढली. कुदळीच्या आकृतीवर कुदळ, कात्रीच्या आकृतीवर कात्री. डब्यांवर सुवाच्य चिठ्ठ्या. मलाही त्यांनी त्याच जुन्या पट्ट्यांनी भिंतीला बांधलं. किती सुखावले होते मी!

मग एक नवी करवत आली. तिच्या आकृतीला भिंतीवर जागा उरली होती ती नेमकी माझ्या पट्ट्यांपाशी. काकांनी चारही स्क्रू काढले. “पट्ट्या दुसरीकडे लावू नंतर,” असं म्हणून सगळं एका डब्यात टाकलं आणि चिठ्ठी चिकटवली, ‘नंतर’. त्या गोष्टीला आता चार महिने झाले. करवतीची आकृती मात्र झकास आली आहे.

पुढे खताच्या गोण्यांना खालून ओल लागू लागली, म्हणून काकांनी तिन्ही गोण्या माझ्या सगळ्यात वरच्या फळीवर चढवल्या. खाली काय, तर बियांच्या पुड्या आणि रिकाम्या कुंड्या. नाकापेक्षा मोती जड! त्यात शेजारी टांगलेला पाण्याचा पाइप थेंबथेंब गळतो आणि माझ्या पुढच्या पायांखालची माती भुसभुशीत होते. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मला विचारा.

काकूंच्या ते लक्षात आलं होतं. “अहो, ही पुढे झुकल्यासारखी वाटते.”

“तुझी नजर वाकडी,” काका हसले. “मी आयुष्यभर सरळ रेघा ओढल्यात.”

या काकू रोज सकाळी माझ्यासमोर बुटक्या स्टुलावर बसून बिया निवडतात. मला पुसतात आणि विचारतात, “काय म्हातारे, बरी आहेस ना?” इतक्या मायेने मला आजवर कोणी विचारलं नाही. त्या समोर बसल्या की माझा जीव टांगणीला लागतो.

आज सकाळीही त्या बसल्या. पुड्या शोधताना ‘नंतर’चा डबा त्यांच्या हाती लागला. त्यांनी झाकण उघडलं. माझ्या लाकडात जीव आला!

“अहो, हे स्क्रू कसले?”

काका दाराशी ब्रशने विळ्याची आकृती गिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. “मांडणीचे. लावायचेत.”

“मग लावून टाका की आत्ताच.”

“ही रेघ होऊ दे. आणि तो डबा तिथे नको गं, ती फळी रोजच्या वस्तूंची आहे. वर ठेव, गोण्यांपाशी.”

“तुमचं आपलं काहीतरीच,” म्हणत काकू स्टुलावर चढल्या. एका हातात डबा. दुसऱ्या हाताने त्यांनी माझी वरची फळी धरली आहे.

मित्रांनो, मी मागे रेलायचा प्रयत्न करते आहे, पण मला मागे धरणारं काहीच नाही. एखादी जुनी वस्तू कुरकुरली तर तिला हसू नका. वाकून तिच्या पायांकडे बघा. आणि तुमच्यापैकी कोणी दाराजवळ असेल, तर काकांच्या हातातला तो ब्रश आधी काढून घ्या. काकू टाचा उंचावताहेत.