कोपऱ्यातला संगणक

निकिताच्या पुढ्यातला पडदा एकदा झगमगला आणि काळा पडला. पाठोपाठ जळका वास सुटला. संगणक शिकवणाऱ्या जयमालाने धावत जाऊन त्या मशीनची पिन ओढून काढली.

"मॅडम, माझं सगळं गेलं वो!"

निकिताचे हात अजून कीबोर्डवरच होते. राहात्याच्या पेरूबागांवरचा तिचा अहवाल उद्या विद्यापीठाकडे जायचा होता.

दारात प्राचार्य काकासाहेब उभे होते. नेमके आजच ते संगणकाची खोली बघायला आले होते. १९९९ साल होतं. कॉलेजातल्या जुन्या मशीनना नवं विंडोज पेलत नव्हतं, म्हणून ती भंगारात काढायचं त्यांनी ठरवलं होतं. जयमालाने त्यांना थोपवलं होतं. एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरचं लिनक्स तिने कोपऱ्यातल्या एकुलत्या एक नव्या संगणकावर चढवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत खपून बाकीची मशीनं वायरींनी त्याला जोडली. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं ते सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं असं होतं. कुठे अडलं की ती ई-मेल पाठवायची आणि कुणीतरी अनोळखी माणूस उत्तर द्यायचा. काकासाहेबांना नेमकं हेच पटत नव्हतं.

"फुकटाच्या वस्तूला धनी नसतो, मॅडम," ते आताही म्हणाले. "बिघडली तर कुणाच्या दारात जायचं?"

जयमालाने सगळं तपासून पाहिलं होतं, पण तेव्हा कुणा मुलीचं वर्ष पणाला लागलेलं नव्हतं.

"निकिता, ऊठ. शेजारच्या मशीनवर बस आणि तुझं नाव आणि परवलीचा शब्द टाक."

निकिताने दोन्ही टाकलं. पडदा थोडा रेंगाळला. मग एकामागून एक पानं उघडू लागली.

"शेवटच्या दोन ओळी न्हाईत," ती पुटपुटली आणि एकदम हसत डोळे पुसू लागली. "बाकी सगळं हाय, मॅडम!"

जयमालाने पडद्यावर वाकून पानं पाहून घेतली.

"मशीन तर ते जळलं," काकासाहेब जवळ येत म्हणाले. "मग हे इथं कुठून आलं?"

"त्या मशीनमध्ये काही नव्हतंच, सर. काम होतं कोपऱ्यातल्या संगणकात. मुली कुठल्याही खुर्चीत बसल्या तरी जिचं तिला सापडतं."

काकासाहेबांनी कोपऱ्याकडे पाहिलं. निकिता त्या दोन ओळी पुन्हा लिहू लागली होती. थोड्या वेळाने त्यांनी एक रिकामी खुर्ची ओढली.

"माझं नाव घालता येईल का यात?"

जयमालाने ते घातलं.

"आता एक शब्द टाका, सर. फक्त तुम्हालाच ठाऊक असेल असा."

प्राचार्यांनी चष्मा सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं, डाव्या हाताने कीबोर्ड झाकला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर शोधू लागले. जयमालाने तोंड फिरवलं. हसू काही लपत नव्हतं.