येसूबाईंचा पहिला घोट

ऐका जरा माझंही! मी नम्रताचा वाईन चाखायचा ग्लास. पोट फुगीर, तोंड आवळतं, खाली लांब दांडी. अशा आकारात वास कोंडून राहतो, असं नम्रता म्हणते. मला विचाराल तर मी मुळातच देखणा आहे.

आम्ही सहा भावंडं एकाच खोक्यातून नम्रताच्या गावी, कुंभिवलीला आलो. पाच फुटली. मी उरलो, तोही बुडाशी टवका उडालेला.

नम्रता आधी मोहोपाड्याला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. घरी सासऱ्यांनी बांधावर लावलेली जांभळाची अकरा झाडं. सासरे गेले, आणि दर उन्हाळ्यात जांभळं झाडाखाली सडायला लागली. तिला ते बघवेना. तिनं नोकरी सोडली, परवाना काढला आणि घरामागच्या शेडमध्ये वाईन करायला घेतली.

पहिल्या वर्षी वाईनचा चक्क आंबट शिरका झाला. दुसऱ्या वर्षी वाईनला कुजक्या अंड्यांचा वास. आणि हे सगळं आधी माझ्या पोटात, बरं का! तिसऱ्या वर्षी मात्र जमल्यासारखं वाटलं. यंदाही नाही जमलं तर पुन्हा कारखान्यात जाईन, असं ती घरी कबूल करून बसली होती.

कर्जतच्या एका रिसॉर्टवाल्यानं तिला सांगितलं, "जितेशला आवडली तर आम्ही घेऊ." हा जितेश म्हणजे नव्या नव्या बियर, वाईन, दारू चाखून त्यांवर लिहिणारा माणूस.

तो आला रविवारी दुपारी. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "एखादं रिकामं भांडं मिळेल?" नम्रताच्या सासूला, येसूबाईंना वाटलं पाहुण्याला हात धुवायचे असतील. त्यांनी चिंचेनं घासलेलं लख्ख पितळी घंगाळ आणून ठेवलं.

नम्रतानं माझ्यात वाईन ओतली. जितेशनं मला उजेडात धरलं, फिरवलं, नाक घातलं, घोट घेतला, खुळखुळवला आणि पच्कन घंगाळात थुंकला.

"अरं ए!" येसूबाई कडाडल्या. "माझ्या नवऱ्यानं लावलेल्या झाडाची जांभळं हायत ती! पाव्हणा म्हणून बसवला नि थुकतोस व्हय रं?"

नम्रता घाईनं मध्ये आली. मी तर जितेशच्या हातून सुटतच होतो!

"आजी, आमच्या कामात गिळत नाहीत," तो चाचरत म्हणाला. "दिवसाला वीस-वीस चाखायच्या असतात. गाडी चालवायची असते."

"ते ऱ्हाऊ दे. कशी हाय, सांग."

"चांगली आहे. पण मागाहून कडू लागते. कशानं ते कळत नाही."

"आन हिकडं!"

तीन वर्षांत मला बोटही न लावलेल्या बाईनं मला उचललं. नाक मुरडलं, डोळे मिटले आणि एक घोट घेतला. जिभेवर घोळवला, गिळला.

"बी चेंगारलंय गं नम्रता. जांभळं मशीनीत घातलीस ना?"

"या शेवटच्या पिंपातलीच, आई. पाऊस तोंडावर आला म्हणून घाई केली. पहिलं पिंप आपण दोघींनी हातानं मळलंय."

"मंग त्यातली दे की त्याला!"

मला विसळून पहिल्या पिंपातली वाईन ओतली. जितेशनं घोट घेतला. घंगाळाकडे पाहिलं, येसूबाईंकडे पाहिलं आणि गिळला. भीतीनं गिळला म्हणाल, तर दुसरा घोट त्यानं स्वतः मागून घेतला. "हीच द्या रिसॉर्टला," तो म्हणाला. "मी हिच्यावरच लिहितो."

नम्रता रडायलाच लागली. येसूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "त्यांना चाखाया मिळाया पायजे हुती," एवढंच म्हणाल्या.

आता बाटल्या रिसॉर्टला जातात, कारखान्याचं नावही निघत नाही. नम्रताकडे मोजायची यंत्रं ढीगभर आहेत, पण प्रत्येक पिंपातला पहिला घोट येसूबाईंचा. त्या म्हणाल्या, "अजून पंधरा दिस ऱ्हाऊ दे," की नम्रता पंधरा दिवस थांबते. मी सुखात आहे हो!

टवका वाढतोय, मीही कधीतरी जाईनच. फक्त एक सांगून ठेवतो. माझ्या जागी नवा घ्याल तो बुटका घ्या, लांब दांडीचा नको. म्हातारीचे हात अलीकडे थरथरतात, आणि चव तर तिलाच बघायची आहे.